आजचा पेपर आजच

माझी आत्या रागावते तीसुद्धा विरामचिन्हांसकट. "उशिरा आलीस, स्वल्पविराम, वर दूध आणायला विसरलीस, पूर्णविराम." लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आत्या अशाच बोलतात. शाळेत बाईंनी धडा वाचायला उभं केलं तेव्हा मीही पहिल्याच ओळीत खणखणीत 'स्वल्पविराम' म्हणून मोकळी झाले आणि अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. घरी येऊन तणतणले, तर आत्या शांतपणे म्हणाली, "तू बरोबर वाचलंस. त्यांना ऐकायची सवय नाही."

हीच आत्या पुढं एका मोबाइल कंपनीच्या मानगुटीवर बसली आणि जे त्या कंपनीनं कुणाला दिलं नव्हतं ते घेऊनच उठली. आमच्या घरात कुणी काही जिंकल्याचं मला आठवत नाही, त्यामुळं ही हकीगत मी जरा मिरवतच सांगणार आहे.

विरामचिन्हांची सवय पोटापाण्याची. वर्तमानपत्राच्या छापखान्यात प्रूफं तपासायच्या टेबलावर आत्याचं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. त्या टेबलाला दोन माणसं लागायची. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, 'कंस सुरू, कंस पूर्ण, नवा परिच्छेद' असं सगळं म्हणत. दुसऱ्यानं छापून आलेल्या कच्च्या प्रतीवर डोळा ठेवून चूक धरायची. वाचायची आत्या. डोळा ठेवायचे तिचे जोडीदार, जाड भिंग घेऊन बसायचे म्हणून भिंगवाले. मी त्यांना भिंगकाका म्हणते.

शेजारी यंत्रांची घरघर आणि त्यावर आत्याचा चढा आवाज, त्यात भिंगकाकांनी 'थांबा' म्हटलेलं तिला ऐकू यायचं नाही. म्हणून ते टेबल वाजवायचे. एकदा टकटक, म्हणजे थांबा आणि मागचं पुन्हा वाचा. दोनदा, म्हणजे चला पुढं. आत्याला ते हातांना जाणवायचं, कारण तिचे कोपर टेबलावर असायचे.

आत्याची आणखी एक खोड होती. वाचता वाचता ती मजकुरात आपलं मत घालायची. "पाण्याचा प्रश्न आता सुटला आहे, स्वल्पविराम, असे ते म्हणाले, पूर्णविराम, सुटला म्हणे, आमच्या नळाला विचारा, नवा परिच्छेद." मजकूर कुठं संपला आणि आत्या कुठं सुरू झाली हे भिंगकाकांना आवाजावरून कळायचं. इतक्या वर्षांत आत्याचं एकही मत चुकून छापलं गेलं नाही. मला विचाराल तर पेपरचं नुकसानच झालं.

मग संगणक आले, टेबल गेलं. दोघंही घरी बसले. वरिष्ठांनी फुलं दिली, फोटो काढला. छापखान्याचं जुनं सामान विकायला काढलं तेव्हा भिंगकाकांनी दुसरं काही नको म्हणून ते टेबल तेवढं विकत घेतलं. आणि काही वर्षांत त्यांची नजर गेली. आधी मधली, मग कडेची. त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. आत्याचा संताप झाला तो त्याचाच. "ओरडावं की माणसानं जरा," ती म्हणायची. "डोळे गेलेत, छत्री नाही."

ते मुलाकडं राहायचे. मुलगा आणि सून सकाळी धावतपळत कामावर जाणारे. सून चांगली होती, पण पायात चप्पल चढवता चढवता तीन मथळे वाचून दाखवायची आणि पळायची. बातमी कुठं घडली तेसुद्धा सांगायची नाही. म्हणून आत्यानं फोनवरून पेपर वाचून दाखवायचं ठरवलं. चार दिवस टिकलं ते. भिंगकाका प्रत्येक चुकीला थांबवायचे, आत्या म्हणायची पेपरात तसंच आहे, ते म्हणायचे मग पेपरवाल्यांना कळवा, आणि दुपार झाली तरी दोघं पहिल्याच पानावर भांडत असायचे. शेवटी दोघांचे घसे बसले.

तोडगा निघाला तो टेपवाल्याच्या दुकानात. टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे ते दिवस संपले तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आत्याचा रेडिओ आणायला आम्ही दोघी गेलो, तर मागच्या फळीवर धूळ खात खोक्यांची उतरंड. आत तळहाताएवढे प्लेअर, प्रत्येकाला तीन ठसठशीत बटणं.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

"माझं कर्म," टेपवाला म्हणाला. "नुसतं ऐकायचं यंत्र. आत सिमकार्ड बसतं. नवी गाणी नेटवरून आपोआप येणार, लोक खूश होणार, असा बेत होता. पण मोबाइल कंपन्या अडून बसल्या. म्हणाल्या, नेट हवं तर फोनच्या भावात घ्या. आता गाण्याच्या डबीला फोनचे पैसे कोण मोजणार? बनवणारे बुडाले आणि माल माझ्या गळ्यात पडला."

आत्यानं डोळे मिटले आणि अंगठ्यानं बटणं चाचपली. चालू, मागं, पुढं. "जमेल त्यांना," ती म्हणाली.

तसं सुरू झालं. पेपरचे गठ्ठे उतरवणारी गाडी पहाटे तीनलाच आमच्या कोपऱ्यावर थांबते. आत्या खाली जाऊन अंक घेऊन यायची आणि माझ्या फोनपुढं बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका दमात वाचायची, कारण वाचणाऱ्यानं आपणहून थांबायचं नसतं हे तिच्या हाडात मुरलेलं. मी ते छोट्या कार्डात भरून, दाताच्या दवाखान्यातली माझी नोकरी उरकून, संध्याकाळी भिंगकाकांकडं पोचवायची. त्यांच्या शेजारी चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना आहे. तिथल्या बायकांना कामावर फोन न्यायला बंदी, पण प्लेअर चालतो. त्यांनी भिंतीपलीकडून आत्याचा आवाज ऐकला आणि आम्हालाही हवं म्हणाल्या. मग वृद्धाश्रम, मग शिंपी. बघता बघता मी पोस्टमन झाले.

पण संध्याकाळी पोचलेला पेपर हा काही पेपर नव्हे. एकदा भिंगकाका अंगभर साबण लावून न्हाणीघरात बसले आणि नळ फुसफुसून बंद पडला. पाणी जाणार ही बातमी त्या दिवशीच्या पेपरात होती. ती त्यांनी रात्री ऐकली, साबण खाजवत. यावर आम्ही पुष्कळ हसलो.

नंतर जे झालं त्यावर कुणी हसलं नाही. छापखान्याचे जुने फोरमन वारले. दोघांनाही काम त्यांनीच शिकवलेलं. पेपरात दोन ओळी आल्या, अंत्ययात्रा सकाळी दहाला. आत्यानं पहाटेच भिंगकाकांना फोन लावला, तर नेमकी लाइन मेलेली. सुनेनं वाचून दाखवलं असेल असं समजून ती तशीच गेली, आणि तिथं सगळ्यांमध्ये त्यांना शोधत राहिली. संध्याकाळी मी कार्ड दिलं. त्या दोन ओळी त्यांनी माझ्यादेखत ऐकल्या. टेबलावर एकदा टकटक केलं, मागचं बटण दाबलं, पुन्हा ऐकलं. मग प्लेअर माझ्या हातात परत दिला.

"बाईंना सांग, उद्यापासून नको," ते म्हणाले. "शिळं वाचून घसा कशाला दुखवायचा."

मी निरोप सांगितला. आत्यानं समोरचा पेपर उचलून त्याची बारीक घडी घातली. मग म्हणाली, "त्यांचा पेपर त्यांच्या चहाच्या आधी त्यांच्या हातात पडला पाहिजे. पूर्णविराम." आणि उठून टेपवाल्याकडं निघाली. त्या डबीत सिमकार्डाची खाच होतीच. आता त्यात घालायला परवडणारं सिम हवं होतं, एवढंच.

एवढंच! पहिल्या कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीनं प्लेअर उलटासुलटा करून बघितला.

"आजी, ह्याच्यावरून बोलता येतं?"

"नाही. ऐकता येतं."

"मग नंबर कशाला हवा?"

"मला नको आहे नंबर. नेट हवंय, थोडंसं."

थोडंसं नेट त्यांच्याकडं नव्हतं. फोनचा पुरा प्लॅन घ्या, म्हणाली. आत्यानं नमुन्याला एक घेतला. तर ते सिम सुरू करायला त्याच सिमवरून फोन करून आपलं नाव सांगावं लागतं. डबीला तोंड नाही, ती नाव काय सांगणार? आम्ही सिम माझ्या फोनमध्ये घातलं, आत्यानं नाव सांगितलं, सिम पुन्हा डबीत. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या यंत्राच्या लक्षात आलं की हे सिम फोनमध्ये नाही. 'आपले उपकरण मान्य नाही' म्हणून त्यांनी ते बंदच करून टाकलं. पैसे गेले ते गेलेच.

दुसऱ्या कंपनीकडं स्वस्त नेट होतं, पण लिफ्टसाठी आणि पाण्याच्या मीटरसाठी. तेही हजारांनी घेणाऱ्यांना. "म्हणजे लिफ्टला मिळतं आणि भिंगवाल्यांना नाही," आत्या म्हणाली. तिथल्या साहेबानं हो म्हटलं. बिचाऱ्याला तो प्रश्न वाटला.

राहिली तिसरी, सगळ्यांत लहान कंपनी. तिचं नेटवर्क आमच्या जिन्यात वळलं की जातं, म्हणून आम्ही ती शेवटी ठेवली होती. तिथं एक टायवाला भेटला. तरुण, डोळ्यांखाली काळं, टेबलावर अर्धवट खाल्लेलं बिस्कीट. पण त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि ताकास तूर लागू न देता घालवून देण्याऐवजी खरं काय ते सांगितलं.

"आजी, मी देईन हो स्वस्तात. पण लोक डबीतलं सिम काढून फोनमध्ये घालतील आणि दिवसभर सिनेमे बघतील. मग आमचे महागाचे प्लॅन कोण घेणार? म्हणून कुठलीच कंपनी देत नाही. तुम्ही चांगल्या आहात, पण सगळेच तुमच्यासारखे नसतात."

आत्याला हे पटलं, आणि पटलं म्हणून ती जास्तच चिडली. घरी आली, भांडी आपटली, मला दोन-तीन पूर्णविराम ऐकवले. पहाटे खाली पेपर आणायला गेली ती मात्र नाचतच वर आली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि पेपरची गाडी मोकळ्या रस्त्यावरून सुसाट निघून गेली होती. दुकान उघडायच्या आधी आम्ही टायवाल्याच्या दारात.

"पहाटे पाच ते सहा तुमचा टॉवर काय करतो?" आत्यानं विचारलं.

"काय करणार? उभा असतो."

"मग त्याला कामाला लावा. आमच्या सिमला तेवढा एक तास उघडा. बाकी दिवसभर कुलूप. वाचलेला पेपर ही पाचला नेटवर सोडेल, तो डबीत बसेल, मग दिवसभर ऐका, नेट कशाला लागतंय? आणि सिम काढून कुणी फोनमध्ये घातलंच, तर घालू दे. पहाटे पाचला उठून सिनेमा बघणाऱ्याला बघू दे बापड्याला."

टायवाला हसायला लागला. मग हसायचा थांबला आणि छताकडं बघत राहिला. "वर विचारावं लागेल," तो म्हणाला. "पण वरचे पहिला प्रश्न विचारतील, गिऱ्हाइकं किती."

"किती पाहिजेत?"

"शंभर तरी."

नंतरचे दिवस मी विसरणार नाही. आत्यानं शहर पालथं घातलं म्हणायचं, अक्षरशः. काचा घासणाऱ्या बायकांनी आपल्या नणंदा आणल्या. वृद्धाश्रमात तर प्लेअरवरून भांडणं लागली. शिंप्यांनी घेतले, टॅक्सीवाल्यांनी घेतले, आणि माझ्या दाताच्या डॉक्टरांनीही एक घेतला, पेशंटचे दात कोरताना ऐकायला. टेपवाला खोकी खाली काढताना शीळ घालत होता. एका बाईनं मात्र आत्याला हळूच विचारलं, ते स्वल्पविराम काढता येतील का? तर काचावाल्या बायका तिच्यावर धावून गेल्या. त्या स्वल्पविरामाला काच उलटायच्या आणि पूर्णविरामाला नवी घ्यायच्या. हात बसला होता त्यांचा. स्वल्पविराम राहिले. शंभर झाले, शंभरावर झाले, तरी लोक येतच राहिले.

वरून हुकूम आला: आठ दिवस चालवून बघा, नवव्या दिवशी मुख्य कार्यालयातून मॅडम येतील, एका गिऱ्हाइकाच्या घरी बसून ऐकतील आणि काय ते ठरवतील. कुणाच्या घरी हे विचारायची गरजच नव्हती.

"मला नाही म्हणाले होते तुम्ही," आत्या भिंगकाकांना म्हणाली.

"शिळ्याला नाही म्हणालो होतो," ते म्हणाले.

नववा दिवस मंगळवार होता, आठ तारीख. आम्ही सातला पोचलो. भिंगकाकांची खोली घराच्या मागच्या अंगाला, लांबट, एक खाट आणि ते टेबल. नेटवर्क धरावं म्हणून प्लेअर खिडकीच्या गजाला नाडीनं टांगलेला. टायवाला आमच्याआधीच येऊन घाम पुसत उभा. मॅडम आल्या, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. भिंगकाकांनी नाडी सोडली, प्लेअर टेबलावर ठेवला. नवं काही आलेलं असलं की बटण दाबताच तो बोटांना एकदा थरथरतो. त्यांनी हात ठेवून मान हलवली. आलं होतं. टायवाल्याच्या जिवात जीव आला.

आत्याचा आवाज सुरू झाला. मोठा मथळा, दुहेरी अवतरण, बातमी, पूर्णविराम. सगळं सुरळीत. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू. आणि मग पहिल्या पानाच्या तळाची जाहिरात आली. ती निघाली ह्याच कंपनीची.

"सर्वांत वेगवान नेटवर्क, स्वल्पविराम, शहराच्या कानाकोपऱ्यात, उद्गारचिन्ह, खोटं आहे, आमच्या जिन्यात वळलं की जातं, आतल्या पानावर पाहा."

टायवाल्यानं डोळे मिटले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आत्या छताचं जाळं न्याहाळायला लागली. उभ्या आयुष्यात तिचा शेरा भिंगकाकांपलीकडं गेला नव्हता, आणि प्लेअरसाठी वाचताना ती शेरे गिळायचीच. आज मात्र एका दमात वाचायच्या नादात, आता शंभरजण ऐकतात हे ती साफ विसरली होती.

मॅडमनी विचारलं, "कुठला जिना?"

"आमचा," आत्या म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावर वळलं की."

"बघायला सांगते," मॅडम म्हणाल्या, आणि तोंडावर हात धरून अशा हसल्या की टायवाल्यानंही डोळे उघडले.

भिंगकाकांना ह्यातल्या कशाशी घेणंदेणं नव्हतं. त्यांनी दोनदा टेबल वाजवलं. चला पुढं. दुसरं पान गेलं, तिसरं गेलं. चौथ्या पानावर नगरपालिकेची सूचना आली, "बुधवार, स्वल्पविराम, दिनांक दहा रोजी सकाळी सातपासून पाणीपुरवठा बंद राहील, पूर्णविराम."

टकटक. एकदाच.

त्यांचा अंगठा मागच्या बटणावर गेला. पुन्हा ऐकलं. मग ते ताठ बसले. मी त्यांना इतकं ताठ बसलेलं छापखान्याच्या त्या जुन्या फोटोतच पाहिलं होतं.

"आज मंगळवार, आठ," ते म्हणाले. "म्हणजे उद्याच्या बुधवारी नऊ. दहाला गुरुवार. पाणी नक्की जाणार कधी? अर्धं गाव साबण लावून बसेल." आणि टेबलाच्या कडेनं चाचपत फोनकडं वळले, आणि पेपरच्या कार्यालयाचा नंबर फिरवला. त्यांना तो अजून पाठ होता.

मॅडमना त्यांच्याशी बोलायचं होतं, पण बोलणार कशा? मग त्यांनी आत्यालाच हळू आवाजात सांगितलं. पहाटेचा तास मंजूर. इथं नव्हे फक्त, आमचं नेटवर्क जिथं जिथं आहे तिथं सगळीकडं, कुठल्याही प्लेअरला, महिन्याला दोन कप चहाच्या पैशात, आणि सुरू करायला फोन करून नाव सांगायची अटही काढून टाकू. टायवाल्यानं माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. मी तर उडीच मारली, खोटं कशाला सांगू.

आत्यानं मॅडमकडं वळूनही बघितलं नाही. ती कान देऊन फोनवरचं बोलणं ऐकत होती.

"चौथं पान, डावीकडून दुसरा रकाना," भिंगकाका सांगत होते. "वार आणि तारीख जुळत नाही, उद्याच्या अंकाची वाट बघू नका, नेटवर आत्ता दुरुस्त करा. काय म्हणालात? कालच्या अंकात? छे. कालचं मी कशाला सांगू? आजच्या. आजच्या पेपरात."

पलीकडच्यानं बहुतेक आभार मानले, कारण भिंगकाका नुसतं "हं" म्हणाले आणि फोन धरून उभे राहिले, तो दुरुस्त करून येईपर्यंत.

आत्यानं पदरानं डोळे पुसले. मग वाकून तिनं त्या टेबलावर दोनदा टकटक केलं. इतकी वर्षं तिथं बसून ते टेबल तिनं कधी वाजवलं नव्हतं. भिंगकाकांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, म्हणाले, "हो बाई, ऐकतोय," आणि मोकळ्या हातानं पुढचं बटण शोधायला लागले.